तालमीच्या दाराची कडी

गेली वीस-बावीस वर्षे मी पुण्यात शनिवार-रविवारी अभिनयाचे वर्ग घेतो. वर्ग म्हणजे एका शाळेचा वरच्या मजल्यावरचा हॉल, चार सतरंज्या, दोन बाक, एक डुगडुगते टेबल आणि पंधरा-अठरा माणसे. त्यांत नुकती बारावी झालेली मुले असतात, बँकेतून थेट येणारे असतात आणि एखादी निवृत्त शिक्षिकाही असते. पहिली अनेक वर्षे माझा एक ठरलेला रिवाज होता. सगळे जमले की मी स्वतः उठून दाराला आतून कडी घालत असे आणि ‘आता बाहेरचं जग बाहेर’ असे म्हणत असे. उशिरा येणारे, शाळेचा शिपाई आणि शेजारच्या खोलीतली पेटी यांच्यापासून तालीम वाचावी हा हेतू होताच. परंतु खरे सांगायचे तर कडी लागल्यावर खोलीत जी दबलेली शांतता पसरे, तिचे धनी आपण आहोत ही जाणीवही मला आवडत असे.

अशाच एका बंद खोलीत मी एका विद्यार्थिनीशी जे वागलो, त्याबद्दल आजवर मी लिहिले नव्हते. ती वीस वर्षांची असेल. मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकणाऱ्या आईचे स्वगत तिच्या वाट्याला आले होते आणि ती ते स्वच्छ, पाठ केल्यासारखे आणि कोरडे म्हणत होती. तिचे वडील वर्षभरापूर्वी गेले, हे तिने मला चहाच्या वेळेला सहज सांगितले होते. मी तिला सतरंजीच्या मध्यभागी बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि प्रश्न विचारत गेलो. दवाखान्यात वास कसला होता, वडिलांच्या अंगावर कोणत्या रंगाचा शर्ट होता, शेवटचे काय बोलणे झाले, कोणती गोष्ट बोलायची राहून गेली. सतरा माणसे पाहत होती. वीस मिनिटांनी ती कोसळली आणि त्याच क्षणी मी म्हणालो, ‘आता बोल.’ ती जे बोलली ते अंगावर काटा आणणारे होते. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. पुढच्या आठवड्यात तेच स्वगत पुन्हा कोरडे झाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती आली नाही, आणि पुन्हा कधीच आली नाही. ‘नाटक सगळ्यांना झेपत नाही’, असे मी उरलेल्यांना सांगितले. त्याहून वाईट म्हणजे त्या दिवसाचा प्रसंग पुढच्या चार-पाच तुकड्यांना मी माझ्या शिकवण्याचा पराक्रम म्हणून ऐकवत राहिलो.

या तंत्राचा उगम नीट वाचायला मला फार उशीर झाला. आपल्याकडे नाट्यशिबिरांतून ‘इमोशन मेमरी’ म्हणून जे फिरते, ते तिसऱ्या-चौथ्या हाताने आलेले असते. कोणी दिल्लीहून शिकून आलेला, त्याच्याकडून शिकलेला कोणी कॉलेजच्या एकांकिकेचा दिग्दर्शक, त्याच्या हाताखाली काम केलेला मी. भावनिक स्मृतीची मूळ कल्पना थिओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची. ती रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने नटाच्या तालमीत आणली आणि अमेरिकेत अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्गने तिच्याभोवती आपली पद्धत उभी केली. त्या स्ट्रासबर्गनेसुद्धा एक अट घातली होती, की वापरायची आठवण किमान सात वर्षे जुनी असावी, म्हणजे ती पुरेशी निवलेली असते. माझ्या विद्यार्थिनीची जखम एका वर्षाची होती. तंत्र हातोहात पोचले होते, पण त्याबरोबरची खबरदारी वाटेत कुठेतरी गळून पडली होती, आणि ती गळली आहे हे कळण्याइतकाही अभ्यास मी केलेला नव्हता.

स्वतः स्तानिस्लाव्हस्की तर तिथून पुढे निघून गेला होता. अभिनेत्री स्टेला ॲडलर १९३४ मध्ये पॅरिसला जाऊन त्याच्याकडे काही आठवडे शिकली आणि न्यूयॉर्कला परतल्यावर तिने आपल्या ‘ग्रुप थिएटर’मधल्या सहकाऱ्यांना सांगितले की त्याचा भर आता खासगी आठवणींवर नसून नाटककाराने दिलेल्या परिस्थितीवर आणि कल्पनाशक्तीवर आहे. यावरून तिथे जे मतभेद झाले, त्यांच्या खुणा अमेरिकन अभिनयशिक्षणात अजून दिसतात. आपल्याला इतके लांब जाण्याचीही गरज नव्हती. दुःखी नसलेल्या नटाने रडणे कसे दाखवावे, हा प्रश्न नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात भरतमुनींनी स्वतःच उपस्थित केला आहे आणि त्याचे उत्तर ‘सत्त्व’ या संकल्पनेत शोधले आहे. हे सत्त्व मनाच्या एकाग्रतेतून उत्पन्न होते, असे त्यांचे म्हणणे आहे. नटाला आधी खरोखरच दुःखी करावे, असे त्यांनी कुठे म्हटलेले नाही. नटराजाच्या तसबिरीला हार घालून वर्ग सुरू करणाऱ्या मला एवढे तरी ठाऊक असायला हवे होते.

शुद्ध कारागिरीच्या हिशेबानेही माझा व्यायाम फसलेलाच होता. व्यावसायिक नाटकाचा नट तोच प्रसंग शनिवारी दुपारी, शनिवारी रात्री आणि रविवारी पुन्हा करतो, आणि मधल्या वेळात बसमध्ये झोपतो. जे एकदाच घडते आणि पुन्हा घडवता येत नाही, त्याला अपघात म्हणावे. त्याला अभिनय म्हणता येत नाही. तरीही आपल्याकडे ‘नटाला आधी तोडावं लागतं, मग तो घडतो’ हे वाक्य इतक्या ठामपणे बोलले जाते, की ते कोणत्या नटाच्या बाबतीत खरे ठरले असे विचारण्याचे धैर्य होत नाही. ‘आम्हीही शिव्या खाऊनच शिकलो’, असे माझा एक ज्येष्ठ मित्र नेहमी सांगतो. तो शिकला हे खरे आहे, परंतु त्याच्याबरोबरचे जे शिव्या खाऊन निघून गेले, त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. शिल्लक उरलेलेच पुढे शिक्षक होतात आणि आपण उरलो याचे श्रेय शिव्यांना देतात.

सात-आठ वर्षांपूर्वी मी त्या विद्यार्थिनीला फोन केला. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘मी टू’च्या निमित्ताने चित्रपट-नाट्यक्षेत्रातल्या स्त्रिया बोलू लागल्या होत्या आणि ‘मी तसा नव्हे’ एवढ्या समाधानावर झोप लागेना झाली होती. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, “रडले त्याचं काही नाही, सर. तुम्ही सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्यात ना, त्याचा राग आला होता.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तिने मग माझ्या आईची चौकशी केली आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी वर्गाची रचना बदलायला घेतली. चांगले वागण्याचा निश्चय करून काही होत नाही, हे मला एव्हाना कळले होते, कारण त्या दिवशीही मी स्वतःला चांगलाच समजत होतो. ज्याच्या हातात भूमिका वाटण्याचा, कौतुक करण्याचा आणि ‘तू स्पर्धेला येणार की नाही’ हे ठरवण्याचा अधिकार आहे, त्याच्या चांगुलपणावर विद्यार्थ्याची सुरक्षितता अवलंबून ठेवणे हीच मुळात चूक आहे. शिक्षकाचा दिवस वाईट गेला, तो थकला, मोहात पडला, तरीही खोलीतल्या माणसाला धक्का लागू नये अशी व्यवस्था तालमीतच बसवावी लागते.

पहिली अडचण ‘नाही’ या शब्दाची आली. ‘कोणाला अडचण असेल तर सांगा’ असे म्हणणारा शिक्षक आपल्या मनाचे समाधान करून घेत असतो. ज्या मुलांनी शाळेपासून सरांच्या पाया पडून सुरुवात केली आहे, ती अठराव्या वर्षी सरांना नकार कसा देणार? म्हणून पहिल्या आठवड्यातला पहिला व्यायाम आता नकाराचा असतो. मी प्रत्येकाला काहीतरी सांगतो, म्हणजे ती खुर्ची इकडे आण, तुझी वही मला दे, एक गाणे म्हणून दाखव. आणि त्याने कारण न देता, माफी न मागता, हसून न टाळता ‘नाही’ म्हणायचे असते. हे दिसते तितके सोपे नाही. एका मुलाने ‘नाही सर’ असे स्पष्ट म्हटले आणि मग जाऊन खुर्ची आणून ठेवली. खोली हसली, तोही हसला; पण त्या हसण्यात आमच्या सगळ्या शिक्षणव्यवस्थेची कुंडली होती. तो मुलगा तीन आठवड्यांनी खुर्ची न आणता उभा राहू शकला.

त्यानंतर प्रसंग मध्येच थांबवण्यासाठी एक शब्द हवा होता. ‘थांब’ किंवा ‘सोड’ चालत नाही, कारण हे शब्द संवादात येतात आणि समोरच्याला नट बोलतो आहे की पात्र, ते कळत नाही. परदेशात यासाठी ‘बटन’ असा शब्द वापरण्याची पद्धत आहे, तो मी एकदा वापरून पाहिला, पण मुलांच्या तोंडी तो बसेना. अखेर एका मुलीनेच उपाय सुचवला: टाइम प्लीज. वाड्यात किंवा सोसायटीच्या आवारात पकडापकडी खेळलेल्या कोणालाही त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. टाइम प्लीज म्हणणारा खेळातून बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. बूट सुटला असेल, लागले असेल, दम लागला असेल, काय झाले ते त्याने सांगितलेच पाहिजे असेही नसते. इतका नेमका करार आपण सात वर्षांचे असताना पाळत होतो आणि नाट्यशिक्षणात मात्र विसरून गेलो.

स्पर्शाच्या बाबतीत मला सर्वाधिक मदत झाली ती ऐतिहासिक नाटकांतल्या तलवारबाजीची. तलवारीचे दृश्य कोणताही शहाणा दिग्दर्शक उत्स्फूर्त होऊ देत नाही. कोणता पाय पुढे, कितव्या आकड्याला वार, कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहून इशारा द्यायचा, हे सगळे आधी संथपणे बसवले जाते आणि तरीही प्रेक्षकांचा श्वास अडकतो. मग मिठी, हात धरणे, केसांतून हात फिरवणे किंवा कानाखाली मारणे हे मात्र ‘जसं येईल तसं’ का करायचे? कानाखाली वाजवण्याचा प्रसंग तर आपल्या एकांकिकांत इतका बोकाळला आहे, की स्पर्धेच्या एका दिवसात तीन-चार तरी थपडा ऐकू येतात, आणि त्यांतल्या बहुतेक खऱ्या असतात. ‘खरी मार, त्याशिवाय त्याच्या चेहऱ्यावर येत नाही’ हे मी विंगेत अनेकदा ऐकले आहे आणि स्वतः म्हटलेही आहे. खरी थप्पड कानाच्या पडद्याला इजा करू शकते, ही गोष्ट बाजूला ठेवली तरी ती खाणारा नट तिसऱ्या तालमीपासून दोन वाक्ये आधीच मान आखडू लागतो आणि प्रसंग तिथेच मरतो. शिस्तीत बसवलेली थप्पड अशी असते: दोघांत हातभर अंतर, आधी नजरानजर, मारणाऱ्याचा हात चेहऱ्यासमोरून हवेतून जातो, मार खाणारा प्रेक्षकांच्या नजरेआड छातीजवळ स्वतःच टाळी वाजवतो आणि त्याच लयीत मान वळवतो. समोर बसलेल्या माणसाला मधली फट दिसत नाही, आवाज ऐकू येतो आणि तो दचकतो. मार खाणाऱ्याच्या हाती टाळी असल्यामुळे प्रसंगाची सूत्रेही त्याच्याच हाती राहतात, हे मला या तंत्रातले सर्वांत सुंदर वाटते.

मिठीही आम्ही आता याच रीतीने बसवतो. दोघे समोरासमोर उभे राहतात आणि कुठे स्पर्श चालेल ते प्रत्येक जण स्वतःच्या अंगावर स्वतःचा हात ठेवून दाखवतो. जिथे चालणार नाही तिथे कारण विचारले जात नाही, आणि आज चाललेले उद्या चालेलच असे धरले जात नाही. मग हालचाल आकड्यांत बसते: एकला पाऊल, दोनला हात खांद्यामागे, तीनपर्यंत कपाळ टेकलेले, चारला सुटका. सुरुवातीला हे कवायतीसारखे वाटते आणि दिसतेही, हे मान्य करतो. पण आठ-दहा तालमींनंतर आकडे अंगात मुरतात आणि दोघांनाही एकमेकांच्या डोळ्यांत पाहायला मोकळीक मिळते. याचे आता रीतसर शास्त्र झाले आहे. २०१६ मध्ये टोनिया सीना आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी या कामासाठी पहिली संघटना काढली, २०१८ पासून एचबीओ या अमेरिकन वाहिनीने आपल्या मालिकांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीचे प्रसंग असे बसवून देणारी माणसे, नेमायला सुरुवात केली आणि आपल्याकडे आस्था खन्ना यांनी हे काम व्यवसाय म्हणून उभे केले. कॉलेजच्या तालमीला असा माणूस परवडणार नाही हे उघड आहे. आकडे मोजायला मात्र पैसे पडत नाहीत.

शिक्षकाच्या हाताबद्दलही बोलले पाहिजे. वाचिक, म्हणजे आवाज आणि उच्चार, शिकवताना श्वास पोटातून येतो आहे की नाही हे पाहायला विद्यार्थ्याच्या पोटावर किंवा बरगड्यांवर हात ठेवण्याची जुनी पद्धत आहे. मी ती सोडली. विद्यार्थ्याने स्वतःचा हात ठेवायचा, किंवा सतरंजीवर उताणे झोपून पोटावर एक पुस्तक ठेवायचे आणि ते वर-खाली होताना पाहायचे. शिकणे तितकेच होते, किंबहुना जास्त होते, कारण लक्ष माझ्या हाताकडे न जाता श्वासाकडे राहते.

आतापर्यंत मी अंगाला आणि भावनेला होणाऱ्या इजेबद्दल लिहिले. परंतु माझ्या वर्गात सर्वांत जास्त माणसे दुखावली गेली असतील ती भाषेवरून, असे मला वाटते. पुण्यातला वाचिकाचा तास म्हणजे ‘न’ आणि ‘ण’ यांचा कारखाना. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाणी’ म्हणायला लावायचे, त्याने पुन्हा ‘पानी’ म्हटले की खोलीत खसखस पिकायची, आणि शिक्षकानेही त्या हशात सामील होऊन आपण किती मोकळे आहोत ते दाखवायचे. असा हसला गेलेला मुलगा दोन गोष्टी करतो. एक तर तो गप्प होतो, किंवा स्वतःच स्वतःच्या बोलीची नक्कल करून विनोदी नट बनतो, आणि मग त्याच्या वाट्याला जन्मभर गडी, पोलीस आणि नायकाचा गावाकडचा मित्र येतो. मुलींच्या बाबतीत हेच रंगावरून आणि अंगकाठीवरून चालते; ‘तुझा चेहरा आईच्या भूमिकेचा आहे’ हे वाक्य एकोणीस वर्षांच्या मुलीला सल्ला म्हणून ऐकवले जाते.

काही वर्षांपूर्वी वर्गात गडचिरोलीकडचा एक मुलगा होता. तो बोलू लागला की दोघीतिघी एकमेकींकडे पाहत. एकदा विषय निघाला तेव्हा कळले, की त्याने लहानपणापासून झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटके पाहिली होती. दिवाळीनंतर मंडई म्हणजे तिकडची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने गावोगाव होणारी, रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी, हजारोंच्या गर्दीपुढची नाटके. वर्गातल्या इतर सगळ्यांनी मिळून जितके तास नाटक पाहिले असेल, त्याहून अधिक त्या एकट्याने पाहिले होते, आणि आम्ही त्याच्या ‘न’ला हसत होतो. तेव्हापासून वाचिकाचा पहिला महिना उलटा चालतो. प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीतला दोन मिनिटांचा उतारा आणायचा आणि इतरांनी तो त्याच्याकडून शिकायचा. सदाशिव पेठेतल्या मुलाची जीभ अहिराणीपुढे अडखळते, वऱ्हाडी हेल उचलता उचलता नाकी नऊ येतात, मालवणीचा सूर चुकला की कुडाळची मुलगी न हसता, शांतपणे दुरुस्त करते. प्रमाण उच्चार त्यानंतर येतात आणि ते काटेकोरपणेच शिकवतो, कारण नटाला ते लागतात. मात्र तोवर सगळ्यांना कळलेले असते की तोही भूमिकेसाठी चढवायचा एक पोशाख आहे.

पोशाखावरून आठवले. पूर्वीच्या नटाला भूमिकेतून बाहेर यायला एक दार होते: रंगपटात बसून खोबरेल तेलाने रंग उतरवणे. आरशात हळूहळू आपला चेहरा परत येतो. तालमीत ना रंग ना वेष, त्यामुळे ते दारही नाही. नऊ वाजता दुःखाचा प्रसंग संपतो आणि सव्वानऊला मूल एकटे स्कूटरवर असते. चिलीतल्या सुझाना ब्लॉख यांनी श्वासावर आधारित जी अभिनयपद्धती विकसित केली, तिच्यात भावनेतून बाहेर पडण्याची ठरीव कृती व्यायामाचाच भाग आहे. आम्ही आमचे साधे काहीतरी करतो. शेवटची दहा मिनिटे राखून ठेवायची, तोंड धुवायचे, स्वतःचे पूर्ण नाव मोठ्याने सांगायचे, घरी जाऊन काय जेवणार ते सांगायचे. ‘पिठलं-भात’ असे सतरा जणांपुढे म्हटले की शोकांतिका बऱ्यापैकी ओसरते.

आता थोडे कायद्याविषयी, कारण खासगी क्लास चालवणाऱ्या माझ्या अनेक मित्रांना हे आपल्याला लागूच नाही असे वाटते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शैक्षणिक आणि मनोरंजनविषयक खासगी उपक्रमांनाही कार्यस्थळ मानतो, आणि तक्रार करणारी स्त्री तिथे नोकरीलाच असली पाहिजे अशी त्यात अट नाही. दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करत असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. अभिनयाच्या बहुतेक क्लासांत शिक्षक हाच मालक असल्यामुळे ही दुसरी तरतूद प्रत्येक विद्यार्थिनीला पहिल्याच दिवशी माहीत असायला हवी. लेखी तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते, हेही. महाविद्यालयीन एकांकिकांच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत, आणि त्यांत ‘परिसर’ या शब्दाच्या व्याख्येत सांस्कृतिक महोत्सव, शिबिरे आणि प्रवाससुद्धा येतो. म्हणजे रात्री अकराला कॉलेजबाहेर, बाहेरून आलेल्या माजी विद्यार्थी-दिग्दर्शकाच्या हाताखाली चाललेल्या स्पर्धेच्या तालमीबद्दल ‘तो आमचा विषय नाही’ असे म्हणून महाविद्यालयाला सहज हात झटकता येत नाहीत. उन्हाळी बालनाट्यशिबिरे घेणाऱ्यांनी २०१२ चा पॉक्सो कायदा वाचलेलाच असला पाहिजे. मुलगा असो वा मुलगी, अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यावर ते पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे, आणि ‘संस्थेचं नाव खराब होईल’ ही सबब तिथे चालत नाही.

कायदा मात्र घटना घडून गेल्यावर उपयोगी पडतो आणि त्याच्याकडे जाण्याआधीचा लहान रस्ता आपणच बांधावा लागतो. शिकागोमध्ये २०१६ साली एका साप्ताहिकाने तिथल्या एका नामांकित छोट्या नाट्यगृहात वास्तवदर्शी अभिनयाच्या नावाखाली वर्षानुवर्षे चाललेला छळ उघड केला आणि ते नाट्यगृह बंद पडले. तिथल्या रंगकर्मींनी त्यानंतर, २०१७ च्या अखेरीस, स्वतःसाठी एक आचारसंहिता प्रसिद्ध केली. तिच्यातली मला आवडलेली तरतूद अगदी साधी आहे: तक्रार आधी कोणाकडे, तिथे दाद न लागल्यास कोणाकडे, ही उतरंड नावांसह कागदावर लिहून तालमीच्या पहिल्या दिवशी सर्वांच्या हातात द्यायची, आणि नटांनी आपल्यातलाच एक प्रतिनिधी निवडायचा. माझ्या हॉलच्या भिंतीवर आता तसा कागद आहे. त्यात पहिले नाव तुकडीने निवडलेल्या प्रतिनिधीचे, दुसरे नाटकाशी संबंध नसलेल्या एका वकीलबाईंचे आणि तिसरे स्थानिक समितीचे. माझे नाव त्यात नाही. केरळमध्ये न्यायमूर्ती हेमा समितीने मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या स्थितीबद्दल २०१९ मध्ये दिलेला आणि २०२४ मध्ये जाहीर झालेला अहवाल वाचताना मला जास्त धक्का बसला तो चित्रीकरणस्थळी स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला खोली नसल्याच्या वर्णनांनी, कारण स्पर्धेच्या केंद्रावर विंगेत चादर धरून मुलींना कपडे बदलायला लावणारे आम्हीच होतो, आणि त्या चादरीला आम्ही ‘नाटकाची मजा’ म्हणत होतो.

हे सगळे सुरळीत चालते असे मुळीच नाही. पाठांतर झाले नाही की टाइम प्लीज म्हणणारे महाभाग निघतात. एका मुलाने ‘तुमच्या टीकेमुळे मला असुरक्षित वाटलं’ असे सांगितले, आणि त्यावर विचार करायला मला एक आठवडा लागला. ‘तुझा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नाही’ हे मी त्याला सांगितले होते, आणि ते मी पुन्हा सांगेन, कारण ते त्याच्या कामाबद्दल होते आणि त्यावर उपाय होता. ‘तुझ्यात ते नाहीच’ असे मी पूर्वी म्हणत असे. त्यावर उपाय नसतो. न येण्याची लाज, प्रेक्षकांपुढे उभे राहण्याची भीती आणि तीच ओळ पंधराव्यांदा म्हणण्याचा कंटाळा यांतून विद्यार्थ्याला जावेच लागते, आणि त्यांपासून त्याला वाचवणे हे माझे काम नाही. ही सीमारेषा दर तुकडीत नव्याने, कधी वाद घालून, ठरवावी लागते. काही पालकांना नकाराचा व्यायाम अजिबात पसंत पडला नाही. ‘घरी पण नाही म्हणायला लागली’ अशी एका वडिलांची तक्रार होती, आणि तिच्यावर मी फारसे काही करू शकलो नाही.

दाराला आता आतून कडी लागत नाही. त्यामुळे शेजारची पेटी ऐकू येते, शिपाई डोकावतो आणि एकदा भर शोकप्रसंगात एक कुत्रे आत येऊन सतरंजीवर बसले. त्याला कोणी हाकलले नाही. स्वगत पूर्ण झाले.

जूनमध्ये नवी तुकडी सुरू होते आहे आणि एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मुले तालमीचे व्हिडिओ फोनवर घेतात, स्वतःचे काम पाहायला ते खरोखर उपयोगी पडतात, आणि मग त्यांतला एखादा, कोणाचा तरी रडतानाचा किंवा चुकतानाचा, व्हॉट्सॲपवरून कुठल्या कुठे पोचतो. फोन टोपलीत ठेवायला लावणे मला पटत नाही, कारण रात्री साडेनऊला घरी जाणाऱ्या मुलीचा फोन तिच्याजवळच असला पाहिजे. गेल्या तुकडीच्या प्रतिनिधीने सुचवले आहे की चित्रीकरण फक्त ज्याचे काम आहे त्याच्याच फोनवर आणि त्याच्याच सांगण्यावरून व्हावे, आणि गटातल्या प्रसंगाचे मुळीच होऊ नये. पहिल्या शनिवारी हे सगळ्यांपुढे मांडून, कोणाकोणाचे ‘नाही’ येते ते पाहायचे आहे.